जीएमटी घड्याळ घ्यायचंय, पण आपला साडेपाचातला अर्धा तास कसा बसवायचा?

केळीगाव_सावदा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. केळीच्या निर्यातीमुळे रोज दुबई आणि तेहरानशी बोलणं असतं, हिवाळ्यात लंडनच्या एका खरेदीदाराशीही. मोबाईलवर सगळ्या वेळा दिसतात हे मान्य. तरी एकदाच आणि कायमचं असं मेकॅनिकल जीएमटी घड्याळ, म्हणजे चौथ्या, २४ तासांच्या काट्यावर दुसऱ्या देशाची वेळ दाखवणारं, घ्यायचं ठरवलंय. तीन प्रश्न आहेत.

पहिला, दुकानात सगळ्यालाच 'जीएमटी' म्हणतात, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. नेमका फरक कशात असतो? दुसरा, आपली वेळ यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे. या घड्याळांचा चौथा काटा पूर्ण तासानेच उडी मारतो म्हणे. मग आपले १० असताना दुबईचे साडेआठ तो दाखवणार कसा? तिसरा, पॅकहाऊस, चीक, एप्रिल-मे चं ऊन हे सगळं बघता असं घड्याळ रोज घालावं का?

तापीकाठ

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका चाचणीत आहे. दुकानात चावी एक घर बाहेर ओढा आणि फिरवा. टप्प्याटप्प्याने उडी कोणता काटा मारतो ते बघा.

तासाचा मुख्य काटा उडी मारत असेल तर ते 'फ्लायर', म्हणजे लोक ज्याला ट्रू जीएमटी म्हणतात ते. २४ तासांचा काटा उडी मारत असेल तर ते 'कॉलर' किंवा ऑफिस जीएमटी. फ्लायर प्रवास करणाऱ्यासाठी आहे. विमान उतरलं की तासकाटा दोन घरं मागे-पुढे केला, मिनिटं आणि सेकंद चालूच राहिले, घरची वेळ २४ तासांच्या काट्यावर शाबूत. कॉलर एका जागी बसून चार देशांशी बोलणाऱ्यासाठी. आपली वेळ हलत नाही, दूरची बदलता येते.

आत काय होतं ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाईल. तासाचं चक्र १२ तासांत एक फेरा मारतं. २४ तासांच्या काट्याचं चक्र त्याच दातेरी चाकांच्या साखळीतून निम्म्या वेगाने फिरतं. फ्लायरमध्ये तासाच्या चक्रावर बारा टोकांची चांदणी आणि तिला अडवणारी छोटी स्प्रिंग असते. चावी फिरवली की चांदणी एक टोक सरकते, म्हणजे तासकाटा बरोबर ३० अंश. कॉलरमध्ये हीच सोय २४ तासांच्या चक्रावर, उडी १५ अंशांची. मिनिटाचा काटा मात्र दोन्हींत एकच आणि तो सगळ्या देशांना सामाईक. आपल्या अर्ध्या तासाची सगळी अडचण या सामाईक मिनिटकाट्यात आहे.

आणखी एक. फ्लायरमध्ये तारीख तासकाट्याला बांधलेली असते. मध्यरात्र उलट ओलांडली तर तारीखही मागे जाते, जे फार छान आहे. पण बहुतेक फ्लायरमध्ये तारीख वेगळी बदलता येत नाही. घड्याळ १० तारखेला बंद पडलं आणि आज २५ असेल तर १५ दिवस गुणिले २४, म्हणजे ३६० टिचक्या. कपाटात आठ-आठ दिवस पडून राहणार असेल तर याचा आधी विचार करा.

धुळेकर_७

अर्ध्या तासासाठी बेझल, म्हणजे काचेभोवतीचं २४ तासांचं फिरतं कडं, आहे की. २४ तासांचा काटा भारतीय वेळेवर ठेवायचा आणि दुबईसाठी बेझल दीड तास डावीकडे फिरवायचं.

भुसावळ_जंक्शन

दादा, मार्ग बरोबर, दिशा उलटी. सकाळचे १० वाजलेत, काटा १० च्या जागी आहे. दुबईत साडेआठ. म्हणजे बेझलवरची साडेआठची खूण त्या जागी यायला हवी, त्यासाठी बेझल उजवीकडे, घड्याळाच्या दिशेने दीड तास फिरवावं लागतं. डावीकडे फिरवलं तर साडेअकरा दिसतील. लक्षात ठेवायला सोपं: आपल्या मागे असलेल्या देशांसाठी उजवीकडे, पुढे असलेल्यांसाठी डावीकडे.

आता खरी गोम. बेझलला एका फेऱ्यात टिचक्या, म्हणजे अडून थांबण्याच्या जागा, किती, हे कुणी विचारत नाही आणि आपल्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. २४ तासांच्या वर्तुळात एक तास म्हणजे १५ अंश, अर्धा तास साडेसात अंश. २४ टिचक्यांचं बेझल अर्ध्यावर थांबतच नाही. रोलेक्स जीएमटी-मास्टर टू चं आजचं सिरॅमिक बेझल २४ टिचक्यांचं आहे. ट्यूडर ब्लॅक बे जीएमटीचं ४८ चं, म्हणजे एक टिचकी बरोबर अर्धा तास. सायको ५ स्पोर्ट्स जीएमटीचं बेझल टिचक्यांविना नुसतं घर्षणावर फिरतं, हवं तिथे थांबवा.

४८ टिचक्यांवर, काटा भारतीय वेळेवर असताना:

तेहरान, उजवीकडे ४
दुबई, मस्कत, उजवीकडे ३
रियाध, बहारीन, उजवीकडे ५
लंडन, हिवाळ्यात उजवीकडे ११, उन्हाळी वेळेत ९
न्यूयॉर्क, हिवाळ्यात उजवीकडे २१, उन्हाळी वेळेत १९
सिंगापूर, डावीकडे ५

नेपाळ आपल्या १५ मिनिटं पुढे, तिथे यातलं काही चालत नाही.

तेहरान बघा, गंमत आहे. इराणची वेळ यूटीसी अधिक साडेतीन. दोघांकडेही अर्धा तास, त्यामुळे फरक नेमका दोन तास आणि मिनिटकाटा जुळतो. इराणने उन्हाळी वेळही २०२२ पासून बंद केली, म्हणजे वर्षभर दोनच तास. तेहरानपुरतं बघायचं तर जगातलं कोणतंही जीएमटी तुम्हाला चालेल.

धुळेकर_७

बरोबर भाऊ, दिशा माझी चुकली. ४८ टिचक्यांचं माहीत नव्हतं.

सातपुडा_सावली

२४ टिचक्यांचं घड्याळ आधीच घेऊन बसलेल्यांचं काय? घड्याळ उघडून चौथा काटाच साडेसात अंश सरकवून बसवायचा, असा उपाय ऐकला आहे. भारतात बसून वापरणाऱ्याला तो कायमचा इलाज वाटतो.

घड्याळजी_फुलेमार्केट

ताई, तो इलाज चालतो. काटा असा बसवला की आपल्याकडे मिनिटकाटा १२ वर असताना चौथा काटा दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये उभा राहतो. आपल्याकडे साडे वाजले की तो आकड्यावर येतो. तेव्हा दुबई, लंडन, न्यूयॉर्क इथे पूर्ण तास झालेला असतो, म्हणजे वाचन खरं. कॉलर मशीनमध्ये तर तो पुढे कितीही उड्या मारू दे, अर्ध्याचा फरक टिकून राहतो. तेहरान तेवढं चुकतं.

पण काय मोजावं लागतं तेही बघा. चार काटे एकावर एक असतात आणि मधली फट कागदाच्या जाडीइतकी. चौथा काढायचा तर वरचे सगळे उपसावे लागतात. प्रत्येक वेळी उपसताना काट्याचं भोक किंचित सैल होतं. तबकडीवर प्लास्टिकची झिल्ली न ठेवता ओढलं तर ओरखडा ठरलेला. काटा जराही तिरका बसला तर रोज एका ठराविक वेळी दुसऱ्याला घासतो आणि घड्याळ बंद पडतं. ग्राहक म्हणतो मशीन खराब झालं, खराब काहीच झालेलं नसतं. कंपनीची वॉरंटी जाते. मागचं झाकण उघडलं म्हणजे गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी कडी) बदलून पाण्याच्या दाबाची चाचणी पुन्हा करावी लागते. हे सगळं अर्ध्या तासासाठी.

बेझल अर्ध्यावर थांबणारं असेल तर यातलं काहीच करायचं नाही. चौथा काटा त्या देशाच्या वेळेपेक्षा अर्धा तास मागे लावा. आपले १० असताना दुबईसाठी काटा ८ च्या जागी. मग बेझल फक्त अर्धा तास डावीकडे सरकवा. बेझलवर साडेआठ दिसले. आता लंडन हवं, तर काटा चार तास मागे, बेझलला हात लावायचा नाही. पूर्ण तासाचा कोणताही देश बरोबर वाचता येतो.

अर्धा तास डावीकडे म्हणजे नेमकं कुठे? तबकडीच्या कडेला मिनिटांच्या रेघा असतात, एक रेघ सहा अंशांची. साडेसात अंश म्हणजे सव्वा रेघ. बेझलवरचा त्रिकोण १२ वरून डावीकडे आणा. ५९ ची रेघ ओलांडली आणि ५९ ते ५८ मधलं पाव अंतर गेलं की थांबा. भिंगाने एकदाच नीट लावा. पुढे त्रिकोण तिथून हलला नाही ना, एवढंच रोज बघायचं.

२४ टिचक्यांचं बेझल असेल तर काटा तसाच अर्धा तास मागे ठेवा आणि वाचताना अर्धा तास मिळवा. नेहमी मिळवायचाच, कधी वजा नाही. हा एक नियम पाळला की आठवडाभरात डोळ्याला सवय होते.

तापीकाठ

घड्याळजींची युक्ती फ्लायरवर तर आणखी खुलते. समजा ४८ टिचक्यांचं फ्लायर आहे. चौथा काटा यूटीसीच्या अर्धा तास मागे, बेझल एक टिचकी डावीकडे. भारतात यूटीसी नीट दिसते. आता दुबईला उतरलात. चावी शेवटपर्यंत ओढून सगळे काटे अर्धा तास पुढे. चौथा काटा अर्धा तास मागे होताच, तो आता खऱ्या यूटीसीवर आला. बेझल परत शून्यावर. मग चावी मधल्या घरात आणून तासकाटा दोन घरं मागे.

आकड्यांत सांगतो. आपले १०:००, यूटीसी ४:३०, काट्यावर ४:००. अर्धा तास पुढे केल्यावर १०:३० आणि काट्यावर ४:३०. दोन घरं मागे, ८:३०. दुबईत तेव्हा साडेआठच वाजलेले असतात. परतताना हेच उलट.

लावण्याचा क्रम मात्र चुकवू नका. बंद पडलेल्या फ्लायरला आधी चावीचे ३०-४० फेरे द्या. मग शेवटचं घर: सेकंदकाटा थांबतो, चौथा काटा आणि मिनिटं लावा. मग मधलं घर: तासकाटा आणि तारीख. मग चावी आत ढकलून आटे कसा. आधी तासकाटा लावून नंतर शेवटच्या घरात गेलात तर दोन्ही काटे एकत्र फिरतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

मिनिटकाटा लावताना शेवटची हालचाल पुढच्या दिशेने हवी. दात्यांमध्ये थोडा खेळ असतो आणि मागे फिरवून सोडलं की चौथा काटा खुणेच्या मागे लटकतो. २४ तासांच्या काट्यावर एक अंश म्हणजे चार मिनिटं, त्यामुळे हे डोळ्याला दिसतं. दुकानातच मिनिटकाटा १२ वर आणा आणि चौथा काटा खुणेच्या मध्यावर येतो का बघा. दोन अंश बाजूला असेल तर दुसरा नग मागा.

गोंदूर_धावपट्टी

धागा वाचून बरं वाटलं. आपल्याकडे धुळे आणि जळगाव दोन्हीकडे वैमानिक प्रशिक्षण चालतं, त्या मुलांना हे घड्याळ का जन्मलं ते कळायला हवं. उड्डाणाची योजना आणि हवामानाचा संदेश यूटीसीत असतो. संदेशात १००४३०झेड असं आलं म्हणजे १० तारीख, यूटीसीचे ०४:३०, आपले सकाळचे १०. ते झेड म्हणजेच झुलू, वैमानिकांच्या भाषेत यूटीसी.

ग्लायसिन एअरमन १९५३ चं, तबकडीच २४ तासांची. रोलेक्सचं जीएमटी-मास्टर १९५५ चं, पॅन अॅम या अमेरिकन विमानकंपनीच्या लांब पल्ल्याच्या वैमानिकांसाठी. त्याचा चौथा काटा वेगळा हलायचा नाही. दुसरी वेळ बघायची तर बेझल फिरवायचं, लाल अर्धा दिवसाचा आणि निळा रात्रीचा. तासकाटा वेगळा हलू लागला तो १९८२ च्या जीएमटी-मास्टर टू पासून. जुन्या जीएमटी-मास्टरच्या १६७५ क्रमांकाच्या मॉडेलचं बेझल घर्षणावर फिरायचं, म्हणजे भारतीय वैमानिकाला त्या काळी अर्धा तास मिळत होता!

कुठलंही काट्याचं घड्याळ असलेल्यांसाठी एक युक्ती, बिनखर्चाची. भारतीय वेळेवरचं घड्याळ उलटं धरा, ६ वर आणि १२ खाली. जे वाचाल ती यूटीसी. आपले १०:०० असताना तासकाटा ४ च्या जागी आणि मिनिटकाटा ६ च्या जागी दिसतो, साडेचार. तासकाटा खऱ्यापेक्षा अर्धं घर मागे दिसतो म्हणून एक काळजी घ्या. उलट्या वाचनात मिनिटं ३० किंवा त्यापुढे असतील तर काट्याने ओलांडलेला आकडा धरा. ३० च्या आत असतील तर पुढचा धरा. १०:४० ला उलटं केलं तर मिनिटं १० येतात, तासकाटा ४ आणि ५ च्या मध्ये. वाचायचं ५:१०. ब्रिटनच्या हिवाळी वेळेलाही हे लागू. उन्हाळी वेळेत एक तास मिळवा.

वाघूर_वारा

एवढा खटाटोप कशासाठी? फोन काढला की दहा शहरं एका पडद्यावर, बदललेली उन्हाळी वेळही तो आपोआप धरतो.

तापीकाठ

प्रश्न रास्त आहे, आणि अचूकतेत फोनच पुढे. सीओएससी या स्विस चाचणी संस्थेचं अचूकतेचं प्रमाणपत्र मिळालेल्या मशीनलाही दिवसाला वजा ४ ते अधिक ६ सेकंदांची सूट असते. रोज ५ सेकंद पुढे धावलं तर महिन्यात अडीच मिनिटं. युरोपची वेळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलते, अमेरिकेची मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. या तारखा डोक्यात ठेवाव्या लागतात.

तरीही या घड्याळाची ओढ खरी आहे. फोनवर आकडा दिसतो. इथे अंतर दिसतं. तासकाट्यावरची वेळ आणि चौथ्या काट्यावरची वेळ यांच्यातला फरक म्हणजे दोन गावांमधली पृथ्वीची गिरकी. तेहरानचा माणूस झोपेतून उठला असेल का, हे निळ्या अर्ध्यात काटा किती खोल आहे त्यावरून एका नजरेत कळतं, गणित न करता. आणि हे सगळं एका स्प्रिंगच्या ताणावर चालतं. बहुतेक आधुनिक मशीनमध्ये तासाला २८,८०० ठोके, त्या एकाच लयीवर दोन देशांचे दिवस चालतात. पाठीमागे काच असलेलं मशीन कानाशी धरा आणि मग चौथ्या काट्याकडे बघा. तिथला दिवस आणि इथला दिवस एकाच दातेरी चाकावरून निघालाय हे हाताला कळतं. माणसाने हे तळहाताएवढ्याही नाही, रुपयाएवढ्या जागेत बसवलं, याचं मला तरी अप्रूप वाटतं.

भुसावळ_जंक्शन

त्यात आपल्या गावाची वेळ मिळवा. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून. त्याआधी गावोगावी सूर्याची वेळ. मुंबईची यूटीसीच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि मुंबईने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. एक अंश म्हणजे ४ मिनिटं या हिशोबाने जळगाव प्रमाणवेळेच्या सुमारे २८ मिनिटं मागे, धुळे ३१, नंदुरबार ३३. म्हणजे जळगावची सूर्याची वेळ यूटीसी अधिक ५ तासांच्या दोनच मिनिटं पुढे. अर्ध्या तासाची ही सगळी कसरत प्रमाणवेळेची आहे, आपला सूर्य जवळजवळ पूर्ण तासावरच चालतो!

सातपुडा_सावली

भुसावळ भाऊ, हे माहीत नव्हतं. फार छान.

वर्ल्ड टायमर प्रकाराबद्दल कुणी बोललं नाही. शहरांच्या नावांचं कडं असतं ते.

तापीकाठ

ताई, ती यंत्रणा जिनिव्हाचे लुई कॉटिए यांची, १९३१ ची. पाटेक फिलिपची वर्ल्ड टाइम घड्याळं त्याच कल्पनेवर. एक २४ तासांचं कडं सावकाश उलटं फिरतं, बाहेर शहरांचं कडं, चोवीसही शहरं एका नजरेत. कारागिरी म्हणून त्याला तोड नाही. पण पारंपरिक रचनेत चोवीस घरं म्हणजे पूर्ण तासाचे चोवीस पट्टे. कराची आणि ढाका यांच्या मध्ये आपण, आणि त्या फटीला नाव नसतं. भारतात राहून ते घड्याळ घेणं म्हणजे रोज आपल्याच घराला पाटी नसलेली बघणं. अर्ध्या-पाऊण तासाचे पट्टे धरणारी वर्ल्ड टाइमही आहेत. व्हॅशेरॉन कॉन्स्टँटिनने २०११ मध्ये ३७ पट्ट्यांचं आणलं. पार्मिजियानीच्या टोंडा हेमिस्फिअर्समध्ये दुसऱ्या वेळेची मिनिटंही वेगळी लावता येतात, आपल्यासाठी सगळ्यात प्रामाणिक उत्तर तेच. पण तिथला खर्च एका वेगळ्या दुनियेतला आहे.

सावदेकर, तुमच्यासाठी माझं मत. दुबई, तेहरान आणि लंडन, इथे बसून. प्रवास क्वचित असेल तर फ्लायरची गरज नाही. कॉलर आणि अर्ध्यावर थांबणारं बेझल. सायको ५ स्पोर्ट्स जीएमटी (४आर३४ मशीन, २१,६०० ठोके, ४१ तासांचा चावीचा साठा) घेऊन सहा महिने वापरा, सवय होते का बघा. ऐन लक्झरीत जायचं आणि वर्षातून चार वेळा दुबईवारी असेल तर ट्यूडर ब्लॅक बे जीएमटी, ४१ मिमी, एमटी५६५२ मशीन, ७० तासांचा साठा, २०० मीटरपर्यंत पाणीरोधक. ४८ टिचक्यांसाठी मी याला रोलेक्सच्याही वर ठेवतो, भारतीय मनगटासाठी. त्याच कंपनीच्या ब्लॅक बे प्रो चं बेझल स्थिर आहे, गल्लत करू नका. लाँजिन्स स्पिरिट झुलू टाइम (७२ तास) तबकडीच्या कामात सुंदर आहे, फक्त बेझल अर्ध्यावर थांबतं का ते दुकानात हाताने फिरवून बघा. ईटीए २८९३-२ किंवा सेलिटा एसडब्ल्यू३३० मशीन लिहिलेलं दिसलं की ते कॉलर, विक्रेता काहीही म्हणो. स्वस्तात फ्लायर हवं तर मियोटा ९०७५ बसवलेली घड्याळं शोधा.

घड्याळजी_फुलेमार्केट

तिसऱ्या प्रश्नावर. घाला, पण पट्टा विचार करून. केळीचा चीक कापडाला लागला की काळा डाग जात नाही, तसाच चामड्याच्या आणि नायलॉनच्या पट्ट्यालाही. पॅकहाऊसला स्टील किंवा रबर. चीक ताजा असताना साबणाच्या कोमट पाण्यात मऊ ब्रशने घासा, वाळला की कड्यांच्या खाचांत घट्ट बसतो. पाण्याखाली बेझल गोल-गोल फिरवत घासलं तर आतली माती निघते. जिनिंगमध्ये वावर असेल तर सरकी-कापसाचा तंतू बेझलखाली शिरतो आणि ते जड फिरू लागतं. जोर लावू नका, आधी धुवा. धुण्याआधी चावीचे आटे कसलेले आहेत ना, हे हाताने तपासा.

ऊन मनगटावर फारसं काही करत नाही. बाहेर ४५ असलं तरी अंगाजवळचं घड्याळ अंगाच्या उष्णतेच्या आसपासच राहतं, आणि सीओएससीची चाचणी ३८ अंशांवरही होते. धोका आहे तो गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या घड्याळाला. तिथे तेल पातळ होऊन जागा सोडतं, गॅस्केट कडक होतं, आणि पावसाळ्याच्या पहिल्याच सरीला काचेआड धुकं दिसतं. मे अखेरीस एकदा दाबाची चाचणी करून घ्या.

चुंबक. फोनच्या कव्हरचं, स्पीकरचं, बॅगेच्या बटणाचं. घड्याळ अचानक दिवसाला काही मिनिटं पुढे पळायला लागलं तर हेअरस्प्रिंगचे (लय राखणाऱ्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटलेत असं समजा. होकायंत्र जवळ आणा, सुई हलली तर नक्की. डीमॅग्नेटायझरवर काही सेकंदांचं काम आहे, त्यासाठी कुणी सर्व्हिसिंगचे पैसे मागितले तर देऊ नका. सिलिकॉनची हेअरस्प्रिंग असेल तर हा त्रास जवळजवळ नाही.

कॉलर मशीनमध्ये तारीख रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीने बदलू नका. त्या वेळात तारखेचा दाता आधीच गुंतलेला असतो, जोर केला की तुटतो. आणि कॉलरमध्ये एकाच घरात एकीकडे फिरवलं की तारीख, दुसरीकडे फिरवलं की चौथा काटा. अंधारात दिशा चुकते आणि नेमकी त्याच वेळी चुकते. काटे ६ च्या जवळ, सकाळचे सहा करून मगच तारीख लावा.

सराफकट्टा

पैशाचं थोडक्यात. घड्याळावर १८ टक्के जीएसटी किमतीत धरलेला असतो. दहा लाखांच्या वरच्या मनगटी घड्याळावर २२ एप्रिल २०२५ पासून विक्रेता १ टक्का टीसीएस (विक्रीवेळीच वसूल होणारा आयकर) घेतो, तो रिटर्नमध्ये वळता होतो, पावती जपा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोकड विक्रेत्याला घेता येत नाही. स्वित्झर्लंडसकट चार देशांशी झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, त्यात स्विस घड्याळांवरची ड्युटी टप्प्याटप्प्याने उतरत जाणार आहे. घाई नसेल तर हे ध्यानात ठेवा.

दुबईहून आणणार असाल तर विमानतळावर कस्टमच्या लाल मार्गाने जाऊन घोषित करा. आणि इथून महाग घड्याळ घालून जाणार असाल तर जाताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. नाहीतर परतताना 'हे तिकडेच घेतलं' म्हटलं तर हातात कागद नसतो. बिल आणि वॉरंटी कार्डावरचा नंबर घड्याळावरच्या नंबराशी दुकानातच ताडून बघा.

केळीगाव_सावदा

मंडळी, बठ्ठं समजलं, खूप आभार. म्हणजे आधी सायको, सहा महिने. लावायचं असं: चौथा काटा दुबईच्या अर्धा तास मागे, त्रिकोण सव्वा रेघ डावीकडे. तेहरानसाठी काटा आणखी एक उडी मागे. बरोबर ना?

भुसावळ_जंक्शन

तेहरानला थांबा भाऊ. आपले १०, तेहरानचे ८. काटा दुबईसाठी आधीच ८ च्या जागी आहे. तेहरानसाठी काटा हलवायचा नाही, फक्त त्रिकोण १२ वर परत आणायचा. बेझल सरळ तर तेहरान, सव्वा रेघ डावीकडे तर दुबई.

केळीगाव_सावदा

म्हणजे दोन्ही गावं एकाच काट्यावर, चावीला हातच लावायचा नाही. मग लंडनला काटा चार तास मागे आणि त्रिकोण डावीकडेच?

घड्याळजी_फुलेमार्केट

हिवाळ्यात चार. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून तीन.